ओपलने शिवलेला तारा

मुलांनो, डोळे मिटायची गरज नाही. उघड्या डोळ्यांनीच मनात आणा. एक मोठं गोल छप्पर. इतकं मोठं, की त्याच्याखाली एखादा ढग शिरला तर बिचाऱ्याला बाहेरची वाट सापडायची नाही. जानेवारीत या छपराखाली माती पसरतात. तिच्यावर घोडे धावतात, बैल उधळतात, माणसं त्यांच्या पाठीवरून पडतात आणि टोपी झटकत उठतात. मग ती माती ट्रकांनी उचलून नेतात. पण माती कधी सगळीच्या सगळी जाते का? वास मागे राहतोच. मार्च महिन्यात त्याच जागी लाकडाचे चौकोन एकमेकांत बसवून गुळगुळीत पिवळी जमीन करतात, दोन टोकांना दोन रिंगा उभ्या करतात, आणि आठ कॉलेजांच्या मुली तीन दिवस तिथे बास्केटबॉल खेळतात. हरली ती टीम बसमध्ये बसून घरी. जिंकली ती उद्या पुन्हा मैदानात. बाहेर अमेरिकेतल्या मोंटानाचा बर्फ, वारा आणि नजर पोचेल तिथपर्यंत मोकळा माळ. आत दिवे, बुटांची चूंचूं आणि लोण्यात घोळलेल्या लाह्यांचा वास.

आणलंत मनात? आता त्या छपराखाली, खालून सातव्या रांगेत, एक नऊ वर्षांची मुलगी बसवा. तिचं नाव ओपल ग्रे-हॉक. दोन वेण्या. एका वेणीचा रबर निळा, दुसरीचा पांढरा, कारण मिल्क रिव्हर कॉलेजचे रंग तेच. मांडीवर उशीचा मोठा अभ्रा, आणि त्यावर दोन्ही हात घट्ट. अभ्र्यात उशी नव्हती. गोधडी होती.

गोधडी तुम्हाला ठाऊक आहे. पण ही जुन्या लुगड्यांची नव्हे. ओपलचे लोक, म्हणजे त्या मुलखातले मूळचे रहिवासी डकोटा लोक, जी गोधडी शिवतात तिच्या मधोमध एक मोठा तारा असतो, पहाटे उगवतो तो. शंकरपाळ्याच्या आकाराचे कापडाचे तुकडे जोडत जोडत तो करायचा. मधे आठ पिवळे, त्यांच्याभोवती केशरी, मग लाल, मग गडद निळे, असे शेकडो. मधला एक तुकडा सूतभर तिरका लागला, की त्याच्या पुढची रांग आणखी तिरकी होते, आणि टोकाला पोचेपर्यंत तारा लंगडायला लागतो. म्हणून मधले आठ तुकडे सगळ्यांत अवघड. या गोधडीचे ते आठ तुकडे ओपलने शिवले होते. नाताळात बसली ती फेब्रुवारी संपेपर्यंत. लव्हिना मावशीने चार वेळा उसवायला लावले. पाचव्यांदा मावशीने चष्मा कपाळावर चढवला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि नुसतं "हं" म्हणाली. मावशीचं "हं" म्हणजे शाळेतला पहिला नंबर.

ओपलचे आईबाबा तेलाच्या विहिरींवर कामाला. पंधरा दिवस तिकडे, आठवडाभर घरी, पुन्हा तिकडे. म्हणून ओपलला वाढवलं ते मावशीने आणि थोरल्या बहिणीने, डेल्फीनताईने. बुटाची नाडी बांधायला ताईने शिकवलं. अंगणातल्या वाकड्या रिंगेत चेंडू टाकायलाही ताईनेच शिकवलं, आणि आधी खांद्यावर घेऊन. आता ताई बावीस वर्षांची होती, मिल्क रिव्हरची चार नंबरच्या जर्सीची खेळाडू, आणि कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. मे महिन्यात परीक्षा. जूनमध्ये मिनिआपोलिसच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू. गाडीने दहा तास. ओपलने नकाशावर वीत टेकवून पाहिली होती. वीत पुरली नव्हती.

गोधडी ताईसाठी आहे का, असं तिने कधी विचारलंच नाही. त्यात विचारायचं काय? तिकडे हिवाळा असतो. ताई ती पांघरेल, आणि बरोबर छातीवर ओपलचे आठ तुकडे येतील. शिवताना प्रत्येक टाक्याला ती हेच बघत होती.

पहिल्या दिवशी मिल्क रिव्हरची मॅच दुपारची होती. पण तिकडची माणसं एकदा तिकीट काढलं की सकाळपासून सगळ्याच मॅची बघतात, कुठल्याही कॉलेजच्या असोत. मावशी चिप्सच्या पाकिटात ओतलेला गरम खिमा चमच्याने खात होती. खाता खाता म्हणाली, "मग? कोण भरलं मनात?"

"कोण म्हणजे?"

"गोधडीसाठी गं. नीट बघत राहा. परवा फायनल झाली की द्यायची."

"ताईला ना?"

मावशीचा चमचा थांबला. "घरच्याला देतात होय? दिलेलं घरातच राहिलं, तर ते दिलं कुठे? नुसतं कपाट बदललं."

ओपलने अभ्रा जवळ ओढला. "मग कुणाला?"

"पलीकडच्या कुणाला तरी. दुसऱ्या टीमची पोरगी असेल, कोच असेल. ज्याच्यामुळे आपल्या डेल्फीनचा खेळ मोठा झाला असं वाटेल, त्याच्या खांद्यावर घालायची. ज्याला देतो त्याचा मान, आणि जिच्या नावाने देतो तिचा दुप्पट. रेफरीसुद्धा चालतो. माझ्या काकाने एकदा दिली होती एका रेफरीला. त्याने पुढच्याच वर्षी आमच्यावर इतके फाऊल दिले, की काका म्हणाला, बाबा, निदान थंडी संपेपर्यंत तरी थांबायचंस. एऽऽ."

चेष्टा केली की मावशी शेवटी असा लांब 'एऽऽ' ओढायची. म्हणजे ऐकणाऱ्याने हसावं आणि पुढे चालावं. ओपल हसली नाही.

"तूच ठरव मग," ती म्हणाली.

"नाही हं. आपल्या घरात मधला तारा ज्याने शिवला तो ठरवतो. माझ्या वेळी मी ठरवलं होतं. सुई टोचून घेतलीस ना? मग हेही घे टोचून."

"आणि मी चुकीच्या माणसाला दिली तर?"

"तर तो माणूस उबेत झोपेल. आणखी काय होणार आहे?" मावशीने पाकीट तिच्यापुढे धरलं. "खा. गार होतंय."

ओपलने खाल्लं. आणि खाता खाता तिने एक बेत केला. परवा सगळे उभे राहतील. सगळ्यांच्या देखत ती खाली जाईल आणि गोधडी सरळ ताईच्या खांद्यावर घालेल. एकदा खांद्यावर घातलेली गोधडी कोण काढून घेणार आहे? मावशी रागावेल. रागावू दे. मावशीचा राग दोन दिवस टिकतो, गोधडी पन्नास वर्षं. हा बेत तिने लिमलेटच्या गोळीसारखा गालात धरून ठेवला. कोणी काही विचारलं की ती तोंड उघडायच्या आधी जरा थांबायची.

त्या दुपारी मिल्क रिव्हर जिंकली. ताईने सोळा पॉइंट केले आणि एकदा जमिनीवर पालथी पडून चेंडू वाचवला. मावशी जागेवर उभी राहून रेफरीला म्हणाली, "बाईसाहेब, शिट्टी गिळलीत का? पाणी पाठवू?" आजूबाजूचे लोक हसले. रेफरीबाईही ओठ दाबून हसल्या, असं ओपलला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सेमीफायनल. मिल्क रिव्हर तीही जिंकली, अकरा पॉइंटनी. कॉलेजचा जन्म झाल्यापासून पहिल्यांदा फायनल. निळ्या-पांढऱ्या रांगांमध्ये माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, फोनवर गावाकडे ओरडून सांगत होती. मग दुसरी सेमीफायनल सुरू झाली. सेंट ओडिल कॉलेज खेळत होतं. त्यांनी ही स्पर्धा सलग तीन वर्षं जिंकलेली. ओपल दोन दिवस पहाटे उठत होती. मावशीच्या दंडाला टेकून ती बघायला लागली, आणि बघता बघता डोळे जड झाले.

अशी झोप तुम्हाला माहीत असेल, जिच्यात आवाज बंद होत नाहीत, नुसते लांब जातात. चेंडू आपटत होता. आपटता आपटता तो घोड्यांच्या टापांसारखा वाजायला लागला. ओपलने वाकून पाहिलं, तर पिवळी लाकडी जमीन गोठलेल्या नदीसारखी आरपार झालेली. खाली घोडे. राखाडी, पिंगट, ठिपक्यांचे. वर मुली इकडून तिकडे पळाल्या की खाली घोडे इकडून तिकडे पळत, आणि कोणी कोणाला तुडवत नव्हतं. वर छप्पर नव्हतं. तिची गोधडी ताणून बसवली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ताऱ्यातून दिव्यासारखा उजेड गळत होता. ताई त्या ताऱ्यावरून चालली होती. उलटी, पाय वर, डोकं खाली, माशी छताला चालते तशी, पण अगदी सावकाश, बॅग खांद्याला लावून. तिच्या प्रत्येक पावलाबरोबर एक टाका सुटत होता. सुटलेला दोरा खाली येत होता, पिवळा, मऊ, आणि ओपल तो ओंजळीत धरत होती. ओंजळ भरली. मांडी भरली. तिने वर पाहिलं तर तारा पुष्कळ लहान झाला होता. तिने हाक मारली. ताईने थांबून खाली पाहिलं आणि म्हणाली, "नाडी बांध आधी."

एवढ्यात सगळं छप्पर ओरडलं आणि ओपल जागी झाली. खाली सेंट ओडिलची एक उंच मुलगी हात वर करून मागे मागे पळत होती. तिने लांबून चेंडू टाकला होता आणि तो जाळीला न हलवता आत गेला होता.

"ब्रिटा सोरेनसन," मावशी म्हणाली. "गव्हाच्या शेतकऱ्याची लेक. सहा फूट, आणि हात सात फूट. एऽऽ. चार वर्षं झाली, आपल्या डेल्फीनच्या पाठीला सावलीसारखी चिकटलीय."

ओपलला ती ठाऊक होती. एकवीस नंबर. मागच्या तीन वर्षांत ताई या स्पर्धेतून रडत घरी आली होती, आणि तिन्ही वेळा समोर एकवीस नंबर होता. ओपलने आपली मांडी चाचपून पाहिली. गोधडी अभ्र्यात होती. दोरा कुठे सुटलेला नव्हता.

फायनलच्या दिवशी सकाळी ताई त्यांच्याबरोबर नाश्त्याला आली. मोटेलच्या खोलीबाहेर एक वाफल्सचं यंत्र होतं. पीठ ओतायचं, मूठ फिरवून ते उलटं करायचं आणि शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं. ताईचे केस ओले होते. तिने ओपलसाठी पीठ ओतलं.

"आज तिला धरून ठेव," ओपल म्हणाली. "त्या एकवीस नंबरला. हात मोडला तरी चालेल."

"कुणाचा? माझा की तिचा?"

"तिचा."

"ओपल," मावशी म्हणाली.

"थोडासाच."

ताई हसली. "थोडासा कधी मोडत नाही गं हात. परीक्षेत विचारतात आम्हाला ते." यंत्राची शिट्टी झाली. तिने वाफल ओपलच्या बशीत काढलं आणि आपल्यासाठी पीठ ओतायला लागली. "एक सांगू? ऑक्टोबरमध्ये जिममध्ये कुणी नसतं तेव्हा मी तिच्याशीच खेळते."

"ब्रिटाशी? ती कशी येईल?"

"येत नाही. समोर ती आहे असं धरून चालायचं. मी डावीकडे वळले की मनात म्हणायचं, हे ब्रिटाला कळलं असतं. मग दुसरं काहीतरी शोधायचं. चार वर्षांत जेवढं नवीन शिकले, तेवढं तिच्यापायी."

ओपलने वाफलच्या चौकोनांत पाक भरला, एकेका चौकोनात थोडा थोडा. ताई कॉलेजला गेल्यापासून तीही अंगणात तशीच खेळायची. समोर ताई आहे असं धरून. पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही. ताईच्या रिकाम्या जिममध्ये समोर कोणी असलंच, तर ती आपण असू, असं तिला वाटत आलं होतं.

"तुझं ठरलं का?" ताईने विचारलं. "गोधडीचं?"

ओपलने गोळी गालात धरली. "ठरलंय."

"छान," ताई म्हणाली, आणि पुढे विचारलं नाही.

दुपारी छपराखाली पाय ठेवायला जागा नव्हती. गावाकडून गाड्या भरभरून आल्या होत्या. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, शाळेतली पोरं गालावर निळा रंग फासून. पलीकडे सेंट ओडिलच्या हिरव्या रांगा. फायनल कशी झाली ते सगळं सांगत बसलो तर तुम्ही जेवायला उठणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. पहिल्या मिनिटापासून कोणीही पाच पॉइंटपेक्षा पुढे गेलं नाही. ताई वळली की ब्रिटा तिथे. ब्रिटाने उडी मारली की ताईचा हात तिच्या डोळ्यांपुढे. दोघी एकमेकींना जराही मोकळीक देत नव्हत्या. पण ओपलला एक गोष्ट दिसत होती, आणि ती तिला आवडत नव्हती. चेंडू बाहेर गेला, खेळ थांबला, की त्या दोघी शेजारी शेजारी कमरेत वाकून धापा टाकत, आणि एक काहीतरी बोले आणि दुसरी हसे.

शेवटची दोन मिनिटं राहिली. दोन्हीकडे अठ्ठावन्न. ताईचे चार फाऊल झाले होते. पाचवा झाला की खेळाडूने उठून बेंचवर जायचं, आणि मग त्या दिवशी परत यायचं नाही. मावशी बोटं मोडत होती आणि चार बोटं मोडून पाचव्याशी थांबत होती. ब्रिटाने चेंडू घेतला. ती सरळ रिंगेकडे सुटली. ताई तिच्या वाटेत येऊन उभी राहिली, छाती पुढे, हात वर. दोघी आदळल्या आणि दोघीही पडल्या. लाकडाचा असा आवाज झाला की ओपलला खालचे घोडे दचकलेले ऐकू आले.

शिट्टी वाजली. रेफरीबाईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवले.

हात कमरेवर म्हणजे चूक वाट अडवणारीची. ताईची. पाचवा फाऊल.

"अहो, ती आधीच उभी होती," मावशी ओरडली. "बाई, डोळे काय गाडीत ठेवून आलात?" पण आवाजात चेष्टा नव्हती, आणि 'एऽऽ'ही आला नाही.

ब्रिटा आधी उठली. तिने हात दिला आणि ताईला उभं केलं. हात लगेच सोडला नाही. जवळ जाऊन काहीतरी म्हणाली. ताईने एकदाच मान हलवली आणि बेंचकडे चालायला लागली. निळ्या-पांढऱ्या रांगा उभ्या राहिल्या, टाळ्या वाजायला लागल्या. मग ओपलने पाहिलं, हिरव्या रांगाही उभ्या होत्या. ताई बेंचवर बसली, कोणीतरी तिच्या खांद्यावर जॅकेट टाकलं, आणि तिने टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला.

पुढचं ओपलला नीट आठवत नाही. ती टॉवेलकडेच बघत होती. फाऊलबद्दल मिळालेले दोन फ्री थ्रो ब्रिटाने टाकले, दोन्ही आत. मिल्क रिव्हरने दोन भरून काढले. शेवटी सेंट ओडिलचा एक पॉइंट जास्त राहिला. साठ-एकसष्ट. वेळ संपल्याचं बिगुलासारखं शिंग वाजलं आणि हिरव्या मुली एकमेकींच्या अंगावर जाऊन पडल्या.

आता जिंकणाऱ्यांनी जाळी कापायची असते. दोन्हीकडून चढता येणारी शिडी आणतात, रिंगेखाली उभी करतात, आणि एकेक मुलगी वर चढून कात्रीने जाळीचा एकेक फास कापते. तो तिला घरी न्यायला. ट्रॉफी दिली, फोटो निघाले, शिडी आली. मुली चढू-उतरू लागल्या. मग भोंग्यावरून एक आवाज आला, "सगळ्यांनी जरा थांबावं ही विनंती. ग्रे-हॉक घराण्याने एक मिनिट मागितलं आहे."

सगळं छप्पर गप्प झालं. वरच्या रांगेत पाच माणसं हातात चामड्याची डफं घेऊन उभी राहिली. त्यांनी मानाचं गाणं धरलं. माणसांनी टोप्या काढल्या. त्या गाण्याला घाई नसते. ते वर जातं, तिथे थोडं राहतं आणि उतरतं. मावशीने ओपलच्या पाठीवर हात ठेवला. "जा."

ओपल अभ्रा छातीशी धरून खाली उतरली. सात पायऱ्या. मग ती पिवळी जमीन. तिचे साधे बूट त्यावर चूं करत नव्हते. तिने अभ्र्यातून गोधडी काढली, अभ्रा जमिनीवर राहिला, आणि ती सरळ ताईच्या बेंचकडे चालत गेली. गालातली गोळी आता पार विरघळत आली होती. ताईने टॉवेल काढला. तिचे डोळे लाल होते. ओपल कुठे चाललीय हे तिला दुरूनच कळलं होतं. लहान बहिणींचे बेत मोठ्या बहिणींना कळतात, तसं.

ओपल तिच्यापुढे उभी राहिली. गोधडी दोन्ही हातांत, जड.

"तुला तिकडे थंडी वाजेल," ती म्हणाली.

"वाजेल," ताई म्हणाली.

ती 'नाही' म्हणेल, 'तिकडे दुकानं आहेत' म्हणेल, असं ओपलला वाटलं होतं. "मग?" तिने विचारलं.

"मग मी फोन करीन. म्हणेन, ओपल, इकडे फार थंडी आहे, दुसरी शिवायला घे. आणि तू म्हणशील, मावशी चार वेळा उसवायला लावते."

"पाच वेळा लावेल."

"तेव्हा तू मोठी झालेली असशील, म्हणून."

डफांचा ठेका चालू होता. ताईने गोधडीला हात लावला नाही. हात आपल्या गुडघ्यांवर ठेवले. "तू ठरवायचंस. मी अवाक्षर बोलणार नाही. खांद्यावर घातलीस तर घेईन."

ओपलने गोधडी थोडी वर उचलली. मग तिला जे विचारायचं होतं ते तोंडातून निघालं. "ती काय म्हणाली तुला? पडलात तेव्हा?"

"ब्रिटा?" ताईने नाक पुसलं. "म्हणाली, 'आता मी कुणाशी खेळू?'"

ओपलने मान वळवून शिडीकडे पाहिलं. शेवटच्या फासासाठी ब्रिटाला चढवलं होतं. ती वर उभी होती, हातात कात्री. जाळी एका दोऱ्यावर लोंबत होती, आणि ब्रिटा तो दोरा कापत नव्हती. या बेंचकडे बघत होती. खेळ थांबून बराच वेळ झाला होता, घाम वाळला होता, आणि तिच्या उघड्या दंडांवर आलेला काटा खालूनसुद्धा दिसत होता. खाली तिच्या मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून उभ्या होत्या, आणि ती एकटीच वर होती.

ओपलला घरचं अंगण आठवलं. वाकडी रिंग. समोर कोणी नाही.

ती वळली. गोधडीचं एक टोक सुटून जमिनीला लागलं, ते तिने पुन्हा काखेत घेतलं. हिरव्या मुली बाजूला झाल्या. शिडी धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वर ब्रिटाकडे, आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "हळू, बाळ," तो म्हणाला.

"दोन पायऱ्या खाली ये," ओपल वर बघून म्हणाली. "तू फार उंच आहेस."

ब्रिटा दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"आता माझ्याकडे पाठ कर."

ब्रिटाने पाठ केली. ओपलने मागच्या बाजूने डाव्या हाताने शिडी धरली, उजव्या काखेत गोधडी, आणि एक पायरी चढली, दुसरी चढली, तिसरी चढली. मग शिडीवर पोट टेकून तिने दोन्ही हात मोकळे केले, गोधडी उलगडून ब्रिटाच्या खांद्यांवर घातली, आणि ताऱ्याचा मधला पिवळा भाग जरा डावीकडे सरकला होता, तो ओढून बरोबर पाठीच्या मधोमध आणला.